दोन डिस्क एकसारख्या ठेवताना

पंचगंगेचं पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं होतं. अशा गावात लग्नाचे फोटो नि दुकानाचे हिशेब एकाच डिस्कवर ठेवणं धोक्याचंच. एक प्रत खाली दुकानात, दुसरी वरच्या मजल्यावर, एवढं तरी हवंच. पण दोन्ही प्रती सारख्या ठेवायच्या तर दर वेळी सगळं कॉपी करत बसणं परवडत नाही.

लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, या कामाला आरसिंक (rsync) हा प्रोग्राम आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो १९९६ मध्ये आणला, तो संथ नेटवर्क डोळ्यांपुढे ठेवून: फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायचा. एकाच कॉम्प्युटरच्या दोन डिस्कमध्ये मात्र तो हा खटाटोप आपणहून सोडतो आणि बदललेली फाइल अख्खी उतरवतो. तुकडे ताडायला दोन्हीकडच्या फाइल वाचाव्या लागतात. तेवढ्यात कॉपी होऊन जाते.

फाइल बदलली हे तो ओळखतो आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून. आत डोकावत नाही, म्हणून तर हजारो फोटो झटपट तपासून होतात. पेनड्राइव्ह इथेच गोंधळ घालतो. पेनड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायच्या फॅट (FAT) पद्धतीत ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते. सातव्या सेकंदाला साठवलेला फोटो तिकडे सहाव्या किंवा आठव्या सेकंदाचा दिसतो आणि न बदललेल्या फाइलही पुन्हा कॉपी होऊ लागतात. आदेशातल्या ‘मॉडिफाय-विंडो’ (--modify-window) या पर्यायाला १ दिला की एका सेकंदाचा फरक तो धरत नाही.

आदेशात मूळ फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ (/) असेल तर नुसता आतला माल जातो. नसेल तर फोल्डर नावासकट दुसऱ्यात जाऊन बसतं.

खरी काळजी ‘डिलीट’ (--delete) ची. मूळ जागी जे नाही, ते हा पर्याय दुसरीकडूनही पुसतो. फोल्डरांची नावं उलटी पडली, तर जुनी प्रत नव्या कामावर फिरते आणि आज उतरवलेले फोटो जातात. म्हणून आधी ‘एन’ (-n) आणि ‘व्ही’ (-v) हे पर्याय लावावेत: काय जाईल, काय पुसलं जाईल याची नुसती यादी येते, डिस्कला हात लागत नाही. ती यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

‘सी’ (-c) लावला तर आरसिंक फाइल पूर्ण वाचून चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, ताडतो. याला बराच वेळ लागतो, पण डिस्कवर गुपचूप खराब झालेली फाइल यातच सापडते. मात्र दोहोंतली बिघडलेली कोणती, हे त्याला कळत नाही. तो मूळ फाइल दुसरीवर लिहून टाकतो. मूळच खराब असेल, तर चांगली प्रतही गेली. त्यामुळे ‘सी’ चालवताना ‘एन’ आणि ‘व्ही’ सोबत ठेवा आणि यादीतला प्रत्येक फोटो दोन्ही डिस्कवरून उघडून पाहा.