‘मतं खाल्ली’ची एकशे ऐंशी वर्षं

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तिसऱ्या पक्षाच्या मतदाराला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: तुझं मत वाया जाणार. यातलं ‘वाया’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मात्र दर काही वर्षांनी बदलत आलं आहे. आणि ते बदललंय मतदारांमुळे कमी, मतपत्रिका कोण छापतं आणि मतं कशी मोजली जातात यामुळे जास्त.

हा वाद जुना आहे. १८४४ साली न्यूयॉर्क राज्यात डेमोक्रॅट जेम्स पोक यांनी तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या, म्हणजे व्हिग पक्षाच्या, हेन्री क्ले यांना साधारण पाच हजार शंभर मतांनी मागे टाकलं. तिसरे उमेदवार होते लिबर्टी पार्टीचे जेम्स बर्नी. मुद्दा एकच, गुलामगिरीला विरोध. त्यांना त्या राज्यात १५,८१२ मतं पडली. न्यूयॉर्कची ३६ इलेक्टोरल मतं (राज्याराज्याला वाटून दिलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं) पोक यांच्या पारड्यात गेली आणि त्यांच्यासोबत अध्यक्षपदही. तीच ३६ क्ले यांना मिळाली असती, तर निकाल १४१ विरुद्ध १३४ असा क्ले यांच्या बाजूने लागला असता.

व्हिग मंडळी भडकली. पोक टेक्सासला संघराज्यात घ्यायला निघाले होते, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख आणखी वाढणार होता. झालंही तसंच. टेक्सास आलं, आणि १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांनीच गुलामगिरी वाढवणाऱ्याला निवडून दिलं, हा आरोप तेव्हापासून आजतागायत, फक्त नावं बदलून, चालू आहे.

लिबर्टीवाल्यांचं उत्तरही तितकंच टिकाऊ निघालं. पोक गुलामांचे मालक, क्लेही गुलामांचे मालक. यातून आम्ही निवडायचं काय? (बर्नी स्वतः एकेकाळी मळेवाले होते, पण त्यांनी आपल्याकडच्या गुलामांना मुक्त केलं होतं.) शिवाय क्ले यांनी उन्हाळ्यात अलाबामातल्या लोकांना पत्रं लिहून टेक्सासबद्दलची आपली भूमिका सैल केली होती. दक्षिणेतली मतं सांभाळायला गेले आणि उत्तरेतली हातची घालवून बसले. मग मतं बर्नींनी खाल्ली, की क्ले यांनीच दिली? ‘मतं खाल्ली’ म्हणताना आपण ती आधीच कुणाच्या तरी ताटात वाढून ठेवलेली असतात. मला या वादातली सगळ्यात मोठी खोट तीच वाटते.

पुढचा भाग तिसऱ्या पक्षाचे समर्थक आवडीने सांगतात. लिबर्टीतले बरेच लोक १८४८ मध्ये गुलामगिरीचा विस्तार नको म्हणणाऱ्या फ्री सॉइल पार्टीत गेले. माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन या पक्षातर्फे उभे राहिले, त्यांना दहा टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत एकही नाही. १८५४ मध्ये त्याच भूमिकेचा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि १८६० मध्ये चौरंगी लढतीत ३९.८ टक्क्यांवर लिंकन अध्यक्ष झाले. त्यांचे अर्थमंत्री सॅल्मन चेस आधी लिबर्टीत, मग फ्री सॉइलमध्ये होते. म्हणजे १८४४ ची ‘वाया गेलेली’ मतं सोळा वर्षांत सत्तेच्या दारात पोचली, असं म्हणता येतं. पण मधली एक गोष्ट गाळून चालत नाही: व्हिग पक्ष १८५० च्या दशकात स्वतःच कोसळला. रिपब्लिकन रिकाम्या घरात शिरले. तसं घर अमेरिकेत नंतर पुन्हा रिकामं झालेलं नाही.

इथे त्या काळचं मतदान कसं चालायचं ते बघायला हवं, कारण तिसऱ्या पक्षाचं भवितव्य खरं तर त्या कागदावर ठरलं. सरकारी मतपत्रिका असा प्रकारच नव्हता. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांचा कागद छापायचा, बरेचदा दुरूनही ओळखू येईल असा, आणि मतदान केंद्राबाहेर पक्षाचे लोक तो वाटत उभे असायचे. मतदाराने तो घ्यायचा आणि पेटीत टाकायचा. कुणी कुठला कागद टाकला हे आजूबाजूच्या सगळ्यांना दिसायचं. एखादा उमेदवार पसंत नसेल, तर त्याच्या नावावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी चिकटवायची सोय असे. दबाव आणि पैसा दोन्ही उघड्यावर चालत. पण एक गोष्ट सोपी होती: नवा पक्ष काढायचा तर छापखान्याचे पैसे पुरत, कुणाची परवानगी लागत नसे.

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धत स्वीकारली. सरकारने छापलेली एकच मतपत्रिका, सगळ्या उमेदवारांची नावं, आणि आडोशाला मतदान. काही वर्षांत बहुतेक राज्यांत ती पसरली. सुधारणा चांगलीच होती, पण मतपत्रिका सरकार छापणार म्हटल्यावर तिच्यावर कुणाचं नाव येणार हेही सरकारच ठरवणार, आणि सरकार म्हणजे दोन मोठ्या पक्षांपैकी एक. नाव यायला अमुक इतक्या मतदारांच्या सह्या आणायच्या अटी आल्या, मुदती आल्या. आजही लहान पक्षांचा निम्मा जीव सह्या गोळा करण्यात जातो.

त्याच सुमारास आणखी एक दार बंद झालं. एकाच उमेदवाराला दोन पक्षांनी उमेदवारी द्यायची आणि दोन्ही रकान्यांतली मतं एकत्र मोजायची, अशी पद्धत होती. १८९६ मध्ये डेमोक्रॅट आणि पॉप्युलिस्ट (शेतकऱ्यांचा पक्ष) अशा दोन्ही पक्षांनी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच उमेदवारी दिली होती. लहान पक्षाच्या मतदाराला यात पेचच नव्हता. आपल्या पक्षाच्या रकान्यात खूण करायची, मत मोठ्या उमेदवाराला जायचं, आणि ते कुणामुळे मिळालं याची नोंदही राहायची. पुढे राज्यांमागून राज्यांनी ही सोय कायद्याने बंद केली. न्यूयॉर्कमध्ये ती टिकली. १९६० मध्ये तिथे डेमोक्रॅट केनेडींना लहानशा लिबरल पार्टीच्या रकान्यात चार लाखांवर मतं पडली, तर निक्सनवरची त्यांची आघाडी त्याहून कमी होती. डेमोक्रॅट रकान्यातली मतं तेवढी धरली तर केनेडी ते राज्य हरले असते. मिनेसोटातल्या एका नव्या पक्षाने अशा बंदीला आव्हान दिलं, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली. द्विपक्षीय पद्धतीला झुकतं माप देणारे वाजवी नियम राज्यं करू शकतात, असं निकालात स्पष्टच म्हटलं आहे.

या सगळ्याला सिद्धांताचं रूप दिलं मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने, १९५१ मध्ये. एका जागेसाठी एकाच फेरीत मतदान आणि सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी, असा नियम असला की दोनच पक्ष उरतात, असं त्याचं म्हणणं. याची दोन कारणं. मोजणीतच लहान पक्ष भरडला जातो, आणि हे ठाऊक असल्यामुळे मतदार आधीच त्याच्यापासून दूर सरकतो. अमेरिकेत त्यावर इलेक्टोरल कॉलेजची भर. राज्यातली सगळी इलेक्टोरल मतं पहिल्या आलेल्यालाच द्यावीत असं राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. राज्यांनी ते एकमेकांचं बघून आपापल्या फायद्यासाठी केलं. आज मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे तेच आहे.

याचा परिणाम किती विचित्र असतो ते १९४८ मध्ये दिसलं. वर्णभेदाच्या बाजूने उभे राहिलेले स्ट्रॉम थर्मंड आणि डाव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस, दोघांनाही देशभरात २.४ टक्के मतं. थर्मंड यांना इलेक्टोरल मतं ३९, वॉलेस यांना शून्य. थर्मंड यांची मतं दक्षिणेत एकवटली होती, आणि अलाबामात तर विद्यमान अध्यक्ष ट्रुमन यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. वॉलेस यांनी न्यूयॉर्कमध्ये पाच लाखांवर मतं घेतली आणि ट्रुमन ते राज्य ६१ हजारांच्या आसपास मतांनी हरले. तरीही अध्यक्ष ट्रुमनच झाले.

त्याआधीचं १९१२ साल तर ‘तिसरा कोण’ हाच प्रश्न उलटा करणारं. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून उभे राहिले. मिलवॉकीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातली चष्म्याची डबी आणि घडी घातलेलं भाषणाचं जाड बाड यांनी तिचा जोर कमी केला, आणि गोळी छातीत असतानाच त्यांनी ते भाषण दिलं. निकालात रूझवेल्ट यांना २७.४ टक्के, अधिकृत रिपब्लिकन उमेदवार आणि विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना २३.२. जिंकले ४१.८ टक्क्यांचे विल्सन. इतिहासात ‘मतविभागणी रूझवेल्टमुळे झाली’ असं लिहिलं जातं. आकडे बघितले तर तिसरे टाफ्ट आले होते, आणि त्या हिशेबाने मत वाया गेलं ते टाफ्ट यांच्या मतदारांचं. पण मोठ्या पक्षाच्या हरलेल्या मतदाराला तसं कुणी म्हणत नाही.

मोठे पक्ष कार्यक्रम उचलतात, माणसं नाही, हा तिसऱ्या पक्षांचा दुसरा अनुभव. १८९२ मध्ये पॉप्युलिस्टांनी ओमाहात जाहीर केलेल्या मागण्यांमध्ये चढता प्राप्तिकर होता, सिनेटरांची थेट निवडणूकही होती. दोन्हींसाठीच्या घटनादुरुस्त्या १९१३ मध्ये झाल्या. तोवर पक्ष संपला होता. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, तक्ते दाखवत अर्थसंकल्पी तूट समजावून सांगितली, १८.९ टक्के मतं, इलेक्टोरल शून्य. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश त्यांच्यामुळे क्लिंटन यांच्याकडून हरले असं अजून म्हटलं जातं, पण मतदानोत्तर चाचण्यांत पेरोंच्या मतदारांची दुसरी पसंती दोघांत जवळपास सारखी वाटली गेलेली दिसली.

२००० मात्र वेगळं. फ्लोरिडात रिपब्लिकन धाकटे बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे, ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं. इथे गणित टाळता येत नाही; नेडर यांच्या मतदारांपैकी थोडेजण जरी गोर यांच्याकडे वळले असते तरी अध्यक्ष बदलला असता. पण त्या मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते आणि दहाव्यालाही ५३७ पेक्षा जास्त मतं पडली होती. पाम बीच काउंटीत नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि मत देण्यासाठी पाडायची भोकं मधे, अशी मतपत्रिका होती. डावीकडे गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं; दुसरं भोक उजवीकडच्या, रिफॉर्म पार्टीच्या पॅट ब्युकॅनन यांचं. त्या डेमोक्रॅट बालेकिल्ल्यात ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. ज्यांनी चुकून भोक पाडलं, वाया गेलेलं मत खऱ्या अर्थाने त्यांचं.

त्या वर्षी नेडर देशभरात पाच टक्के मतं मिळवायला धडपडत होते, कारण तेवढी मतं मिळाली तर पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळतो. मिळाली २.७. त्याच निवडणुकीत, मतदानाआधी, लोकांनी इंटरनेटवर अदलाबदलीची शक्कल काढली होती: चुरशीच्या राज्यातल्या नेडर समर्थकाने गोर यांना मत द्यायचं, आणि निकाल ठरल्यासारख्या राज्यातल्या डेमोक्रॅटने त्या बदल्यात नेडर यांना. कॅलिफोर्नियाने फौजदारीची धमकी देऊन तिथल्या साइट बंद पाडल्या. अशी अदलाबदल हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे, असं अपील न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं.

२०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त भरली आणि २००० चा वाद पुन्हा शब्दशः झाला.

मतदारांना उपदेश करण्याऐवजी मोजणीच बदलायचा प्रयत्न मेनने केला. तिथे २०१० मध्ये रिपब्लिकन पॉल लपाज ३७.६ टक्क्यांवर गव्हर्नर झाले. दुसरा आलेला अपक्ष होता आणि तिसरी डेमोक्रॅट. २०१६ मध्ये मतदारांनी पसंतीक्रमाचं मतदान मंजूर केलं: पहिली पसंती बाद झाली की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. २०१८ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एका जागेवर पहिल्या मोजणीत मागे असलेले जॅरेड गोल्डन दोन अपक्षांची मतं वाटल्यावर निवडून आले. हरलेले ब्रूस पॉलिक्विन न्यायालयात गेले, तिथेही हरले. अलास्काने २०२० मध्ये हीच वाट धरली. २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगनच्या मतदारांनी ही पद्धत नाकारली. अलास्कातही ती रद्द करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी मतदानाला होता, आणि ती तिथे हजारापेक्षाही कमी मतांनी वाचली.