शब्दाची शेपटी सांगते कूळ

लख्ख ऊन पडलेला दिवस इंग्रजीत ‘सनी’ असतो, पण त्याच उन्हापासून मिळणारी ऊर्जा ‘सोलर’ असते. दोन्ही विशेषणं सूर्याचीच. मग एकात ‘सन’ हे नाम सरळ दिसतं आणि दुसऱ्यात त्याचा मागमूसही नाही, असं का?

इंग्रजीत शब्दांची दोन घराणी एकत्र नांदतात. सनी, होपफुल, चाइल्डिश, वुडन यांचे प्रत्यय जुन्या इंग्रजीतले, घरचे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि तिच्याबरोबर लॅटिन वळणाचे शब्द आले. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही भरपूर उचल केली. त्यामुळे रोजचं नाम घरचं, पण त्याचं शास्त्रीय विशेषण लॅटिन, अशा जोड्या जमल्या: मून–लूनर, माउथ–ओरल, टूथ–डेंटल.

आपल्याला यात नवल वाटायला नको. दात दुखला की आपण दंतवैद्याकडे जातो, दातवैद्याकडे नाही. गंमत म्हणजे ‘दंत’, ‘डेंटल’ आणि ‘टूथ’ ही तिन्ही एकाच आदिम मुळाची लेकरं आहेत. जर्मानिक भाषांमध्ये (इंग्रजी, जर्मन वगैरे) जुन्या ‘द’चा ‘ट’ झाला आणि ‘त’चा ‘थ’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये हा नियम तपशिलात मांडला. ‘दंत’ला तो लावून पाहा: पुढचा ‘द’ ‘ट’ झाला, शेवटचा ‘त’ ‘थ’ झाला, इंग्रजीत मधला ‘न’ गळाला. उरला ‘टूथ’.

मला सर्वांत आवडतं ते ‘अल’ आणि ‘अर’चं कोडं. डेंटल, ओरल, नॅचरल. पण सोलर, लूनर, पोलर, मस्क्युलर. लॅटिनमधला मूळ प्रत्यय ‘आलिस’. नामात आधीच ‘ल’ असला तर दोन ‘ल’ जवळजवळ येत, म्हणून दुसऱ्याचा ‘र’ केला जाई आणि ‘आरिस’ लागे. भाषाशास्त्रात याला विषमीभवन म्हणतात. मग ‘फ्लोरल’ कसं? तिथेही ‘ल’ आहेच! पण त्याच्यामागोमाग ‘र’ही आहे. ‘आरिस’ लावला असता तर दोन ‘र’ एकमेकांना भिडले असते, म्हणून ‘ल’च राहिला. ‘लोकल’, ‘लीगल’सारखे शब्द मात्र या नियमातून निसटतात.

पाहुणे प्रत्यय नामाचा उच्चारही हलवतात. ‘अ‍ॅटम’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘इक’ लागताच तो पुढे सरकतो, ‘अटॉमिक’. ‘नेशन’चा लांब स्वर ‘नॅशनल’मध्ये आखडतो. मराठीत नेमकं उलट: ‘इतिहास’चा ‘इ’ ‘ऐतिहासिक’मध्ये फुगतो. घरचे प्रत्यय असं काही करत नाहीत, ‘चाइल्ड’ ‘चाइल्डिश’मध्ये जसाच्या तसा राहतो. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ निरागस. नाम एकच, पण एक विशेषण दूषण आणि दुसरं कौतुक. आणि ‘होपलेस’मधल्या ‘लेस’चा ‘कमी’ या अर्थाच्या ‘लेस’शी संबंध नाही. तो ‘रहित’ अशा अर्थाच्या वेगळ्याच जुन्या शब्दातून आला. म्हणून ‘होपलेस’ म्हणजे आशा कमी नव्हे, आशाच नाही.

विशेषणांच्या याद्या पाठ करायला लावतात, तेव्हा हे सगळं हरवतं याचं मला वाईट वाटतं. विशेषणाचा प्रत्यय लावण्याची ही जाण मुलांनाही उशिराच येते. भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 4 ते 7 वर्षांच्या मुलांना अंगभर ‘क्विर्क’ नावाच्या खुणा असलेल्या कुत्र्याचं चित्र दाखवून विचारलं, हा कसला कुत्रा? मोठी माणसं ‘क्विर्की डॉग’ म्हणाली. ‘वग’ या बनावट नामाचं अनेकवचन बिनचूक करणारी मुलं इथे मात्र बहुतेकदा ‘क्विर्क डॉग’ म्हणाली. शेपटी न लावता त्यांनी दोन नामं शेजारी उभी केली. सोन्याच्या अंगठीला ‘गोल्ड रिंग’ म्हणताना मोठेही तेच करतात, ‘गोल्डन’ ते बहुधा केसांसाठी आणि संधीसाठी राखून ठेवतात.