दोनशे शर्ट आणि एक ग्रॅम चिंधी

१७ मे २०२५ च्या आदेशाने बांगलादेशात शिवलेल्या रेडिमेड कपड्यांना भारतात शिरायला दोनच दारं उरली: आपलं उरणजवळचं न्हावा शेवा आणि कोलकाता. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावरून ट्रकने येणारा माल जहाजाने वळसा घालून येऊ लागला. त्यामागचं राजकारण बाजूला ठेवू. असा कंटेनर आला की आतल्या कपड्यांची नेमकी कसली तपासणी होते, ते बघण्यासारखं आहे.

खरं सांगायचं तर बंदरावर कपड्यांकडे फारसं कोणी बघतच नाही. कस्टम्सचा भर कागदांवर. किंमत बरोबर दाखवली का, कापड सुती की सिंथेटिक, माल बनला कुठे. शिवण उसवलीय का, एक बाही लांब आहे का, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. ते व्यापाऱ्याने बघायचं, आणि त्याने ते बांगलादेशातल्या गाझीपूर किंवा नारायणगंजच्या कारखान्यातच, माल खोक्यांत भरल्यावर, बघून घेतलेलं असतं. सरकारची प्रयोगशाळेतली चौकशी मुख्यतः एकाच गोष्टीची, रंगाची. म्हणजे परीक्षा दोन, घेणारे वेगळे, आणि एकीत पास झाल्याचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. ‘क्वालिटी चेक्ड’ अशी चिठ्ठी खिशात सापडली तर ती बहुधा पहिल्या परीक्षेची असते.

ही पहिली परीक्षा संख्याशास्त्राची. समजा ऑर्डर ८,००० शर्टांची आहे. तपासनीस सगळे उलगडत नाही, २०० उलगडतो. हा आकडा आयएसओ २८५९ या मानकाच्या तक्त्यातून येतो. भारतात तोच तक्ता आयएस २५०० या नावाने वापरतात. नेहमीच्या तपासणीत ३,२०१ पासून १०,००० नगांपर्यंत माल कितीही असो, नमुना २०० चाच. या पद्धतीचा पाया अमेरिकेतल्या बेल कंपनीत हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी घातला, आणि दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराच्या खरेदीत रुजली. कारण उघड आहे. काडतूस चांगलं की फुसकं हे ते उडवल्याशिवाय कळत नाही, आणि सगळीच उडवून बघितली तर लढायचं कशाने? १९५० मध्ये लष्कराने या तक्त्यांना ‘मिल-एसटीडी-१०५’ असं मानकाचं रूप दिलं. आज ढाक्यात शर्टाची कॉलर तपासणारा माणूस त्याच तक्त्याचा वंशज हाताळत असतो.

दोष तीन प्रकारचे धरतात. क्रिटिकल म्हणजे जिवाला धोका, उदाहरणार्थ कपड्यात राहिलेलं सुईचं टोक. ते एक सापडलं तरी माल थांबतो, म्हणून लहान मुलांचे कपडे बहुतेक ठिकाणी धातू पकडणाऱ्या यंत्राखालून काढतात. मेजर म्हणजे गिऱ्हाईक परत आणेल असा दोष: उसवलेली शिवण, काजाशी न जुळणारं बटण, डाग. मायनर म्हणजे लोंबता धागा वगैरे. मेजरसाठी बहुतेक खरेदीदार तक्त्यातली २.५ टक्क्यांची स्वीकार-पातळी लावतात. २०० शर्टांत १० सदोष निघाले तर माल पास, ११ निघाले तर नापास.

इथेच गैरसमज होतो. २.५ ची पातळी म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त खराब माल येणारच नाही, असं अनेक आयातदारही समजतात. गणित वेगळं सांगतं. खरोखर अडीच टक्के खराब असलेला माल शंभरातून ९८-९९ वेळा पास होईल, हे ठीकच. पण त्याच्या दुप्पट, पाच टक्के खराब असलेला मालही शंभरातून सुमारे ५८ वेळा पास होतो. दहा टक्क्यांपर्यंत गेल्यावर मात्र सुटका जवळपास अशक्य, जेमतेम एकदा. चांगल्या कारखान्यावर अन्याय होऊ नये याची काळजी हा तक्ता नीट घेतो. ग्राहकाची घेतो, पण जरा कमी.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती चालते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कंटेनरमधला माल तसा नसतो. तो चार-पाच लाइनवर, कधी कधी गुपचूप बाहेर दिलेल्या छोट्या कारखान्यातही शिवलेला असतो. म्हणून २०० पेक्षा ते २०० कुठून उचलले हे जास्त महत्त्वाचं. एकूण खोक्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढून तेवढी खोकी उघडायची अशी एक प्रचलित रीत आहे: १६० खोकी असतील तर १३. ती कोणती, हे तपासनिसानेच ठरवायचं. ‘साहेब, ही काढून ठेवलीत’ असं म्हणत पुढे केलेली खोकी घेतली, की पुढचं सगळं संख्याशास्त्र पाण्यात.

आता रंग. त्यातही दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. रंग जातो का, हा एक प्रश्न. त्यासाठी क्रॉकमीटर नावाचं साधं उपकरण असतं. १६ मिलिमीटर व्यासाच्या दांडीच्या टोकाला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा गुंडाळायचा आणि ९ न्यूटन दाबाने, म्हणजे साधारण किलोभर वजनाखाली, तपासायच्या कापडावर दहा वेळा पुढे-मागे घासायचा. एकदा कोरडा, एकदा ओला. मग पांढऱ्या तुकड्यावर किती रंग आला ते करड्या छटांच्या पट्टीशी ताडून १ ते ५ गुण द्यायचे. गडद जीन्स ओल्या घर्षणात हमखास कमी गुण मिळवते, कारण नीळ धाग्याच्या पृष्ठभागावरच बसते, आत मुरत नाही. तो दोष म्हणायचा तर जीन्सच रद्द करावी लागेल.

दुसरा प्रश्न रंगाच्या रेणूचा. कापडाच्या कृत्रिम रंगांत मोठा वाटा ॲझो रंगांचा आहे. त्यांच्या मधोमध नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. बहुतेक ॲझो रंग निरुपद्रवी असतात. काही मात्र तो बंध तुटला की बेंझिडीनसारखी घातक रसायनं (ॲरोमॅटिक अमाइन्स) सोडतात, आणि त्वचेवरचे किंवा आतड्यातले जिवाणू तो बंध तोडू शकतात. या गटातली रसायनं घातक असल्याचा पहिला इशारा १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने दिला. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होताना त्याने पाहिल्या होत्या. आजही मोठा धोका रंगाऱ्यालाच असतो, कपडा घालणाऱ्याला त्यामानाने खूपच कमी. जर्मनीने १९९४ मध्ये असे रंग वापरलेल्या कपड्यांवर बंदी आणली. आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली आणि त्याच दशकात भारतानेही ११२ रंगांवर बंदी घातली. आयात कपड्यांसोबत रंगाचं प्रमाणपत्र मागतात ते त्यामुळे. ते नसेल तर नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवतात.

तिथे होतं ते असं. कपड्याची एक ग्रॅम चिंधी बारीक कापून ७० अंश सेल्सियसच्या, पीएच ६ असलेल्या सायट्रेट द्रावणात ठेवतात आणि त्यात सोडियम डायथायोनाइट घालतात. हे तेच रसायन, ज्याला इचलकरंजी-सोलापूरचे रंगारी ‘हायड्रो’ म्हणतात. अर्ध्या तासात ते ॲझो बंध तोडतं. सुटलेली अमाइन्स ईथरमध्ये उतरवून घेतात आणि क्रोमॅटोग्राफच्या यंत्रात एकेक ओळखतात. युरोपात मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम.

ही चाचणी चकवते पण. ४-अमिनोॲझोबेंझीन हे अमाइन स्वतःच ॲझो असल्यामुळे हायड्रो त्याचेही तुकडे करतं आणि पुरावा नाहीसा होतो. त्यासाठी वेगळी, सौम्य चाचणी लावावी लागते. उलट पॉलियुरेथेनचा थर किंवा छपाई असेल तर रंग निर्दोष असूनही त्यातून एखादं बंदीतलं अमाइन निघू शकतं. शिवाय खर्च वाचवायला तीन रंगांच्या चिंध्या एकत्र तपासायची मुभा आहे. संशय आला तर मग त्या सुट्या तपासतात.

त्यामुळे पहिल्या धुण्यात बादलीभर रंग सोडणारा कुर्ता कायद्याने अगदी शुद्ध असू शकतो, आणि थेंबभरही रंग न सोडणारा टीशर्ट बंदीतल्या रंगाचा. घरी ओला रुमाल घासून पहिली गोष्ट कळते, दुसरी कुठल्याच घरगुती युक्तीने कळत नाही.

कपड्यांतल्या आणखी एका त्रासदायक रसायनाचं, फॉर्मल्डिहाइडचं, जरा बरं आहे. सुरकुत्या न पडणाऱ्या सुती कपड्यांच्या फिनिशिंगमधून ते येतं, पाण्यात विरघळतं, आणि एकदा धुतल्याने बरंच कमी होतं. म्हणून तान्ह्या बाळाचा नवा कपडा आधी धुवावा. जपानमध्ये १९७३ च्या कायद्याखाली अंगालगतच्या कपड्यांत दशलक्षाला ७५ भाग चालतात, दोन वर्षांखालच्या बाळांसाठी मात्र जवळपास शून्यच. शेजारी टांगलेल्या मोठ्यांच्या कपड्यांतून निघालेला वायूसुद्धा बाळाच्या झबल्यात मुरतो, त्यामुळे तिथल्या दुकानांत तान्ह्यांचे कपडे बंद पिशवीत ठेवलेले दिसतात.