मालवणचं सागरी अभयारण्य : पाण्यावरची रेषा आणि किनाऱ्यावरची माणसं

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर केलं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा, बाकी सगळं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा संरक्षक पट्टा. इथल्या खडकांवर प्रवाळं आहेत, समुद्री शैवाल आहे, लहान माशांना आसरा आहे. हा पट्टा राखण्यासारखाच होता, यात शंका नाही. पण ज्या पाण्यात ही रेषा आखली गेली, त्याच पाण्यात दांडी, वायरी, सर्जेकोटच्या मच्छीमारांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या आणि त्यांना विचारून रेषा ठरली नव्हती. मालवणात अभयारण्याचा विषय निघाला की ‘म्हणजे मासेमारी बंद का?’ हा प्रश्न आधी येतो, तो यामुळे.

त्या समुद्राला तोवर कुणी वाली नव्हता, असंही नाही. रापण हीच एक व्यवस्था होती. होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगांनी ओढायची. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे, त्यामुळे रापण संघाचीच असते. मिळालेल्या तारली-बांगड्याचे वाटे पडतात, ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला असतो. कुणाची रापण कुठे लागायची, याचीही गावागावात समजूत होती. ही पद्धत खोल समुद्रात जाऊच शकत नाही, म्हणून तिच्या पकडीला आपोआप मर्यादा राहते. संवर्धनाची आखणी करताना हाताशी असलेलं हे शहाणपण बाजूला राहिलं, ही मला त्या निर्णयातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

कायदा पुढे थोडा शहाणा झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१च्या दुरुस्तीने तरतूद आली, की प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी. मालवणची घोषणा तिच्या चार वर्षं आधीची. २००२च्या दुरुस्तीत अभयारण्यांसाठी सल्लागार समिती आली. तिची रचना मुळातून वाचण्यासारखी आहे : स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, गृह आणि पशुवैद्यकीय विभागांचे प्रतिनिधी. जंगलाच्या कडेच्या गावासाठी हे ठीकच आहे. पण समुद्रातल्या अभयारण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाचं किंवा मच्छीमार सोसायट्यांचं नाव त्या यादीत नाही. मालवण शहर तर नगरपरिषदेत मोडतं, पंचायत राजमध्ये नाही.

दरम्यान मच्छीमारांचा खरा लढा दुसरीकडे पेटला. समुद्रतळावरून जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, म्हणजे ट्रॉलर आले, मग माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आली. रापणीच्या वाट्याला येणारे थवे वरच्या वर उचलले जाऊ लागले. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, भर समुद्रात संघर्ष झाले. ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रखर उजेडाने मासे खेचून करायच्या मासेमारीवर बंदी आणली. हे निर्बंध मागणारे मच्छीमारच होते. अभयारण्याला विरोध करणारे आणि माशांच्या साठ्यासाठी रस्त्यावर उतरणारे लोक एकाच किनाऱ्यावरचे आहेत, हे अनेकदा लक्षातच घेतलं जात नाही.

लोकसहभाग प्रत्यक्षात रुजला तो खाडीच्या बाजूने. २०११-१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनारा प्रकल्प सुरू झाला. २०१२ मध्ये राज्यात कांदळवनं, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, राखण्यासाठी कांदळवन कक्ष स्थापन झाला. कालवं आणि खेकडे पाळणारे बचतगट उभे राहिले, बारकी पिल्लं निसटून जावीत अशा चौकोनी आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांचा प्रसार झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. त्या स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना झाडं-पक्षी दाखवतात. त्याच वर्षी राज्याने कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आणली. ती गावातल्या सहव्यवस्थापन समित्यांमार्फत चालते. डिसेंबर २०१८ मध्ये आणखी एक चांगला निर्णय झाला. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ सादर केला, तर मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आधी ते जाळं कापायचं म्हणजे पदरचा खर्च होता.

आता किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंग आणि स्कूबाच्या होड्या फिरतात. त्या चालवणारी बरीचशी मुलं मच्छीमार घरांतलीच आहेत, आणि त्यांची कमाई जिवंत प्रवाळांवर अवलंबून आहे. एका जागी रोज किती होड्या न्यायच्या, नांगर प्रवाळावर न टाकता कुठे टाकायचा, पावसाळ्यानंतर कोणती जागा विश्रांतीला ठेवायची, हे त्यांना आणि रापणकरांना सोबत बसवल्याशिवाय ठरणार नाही. त्यांना तिथे रीतसर खुर्ची मिळण्यासाठी सल्लागार समितीची यादीच बदलावी लागेल.