रंगदोष (टपाल तिकिटे)

ठरल्यापेक्षा भलत्याच रंगात छापले गेलेले, किंवा अनेक रंगांपैकी एखादा रंग उमटलाच नाही असे तिकीट. शाई पातळ-दाट झाल्याने पडणारा फरक ही नुसती छटा. तिला रंगदोषाचा मान नाही.

पूर्वी छपाईसाठी अनेक सुटे ठसे एकत्र जुळवत. त्यांत दुसऱ्या किमतीचा ठसा घुसला की ते तिकीट शेजाऱ्यांच्या रंगात निघे. केप ऑफ गुड होप या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीच्या १८६१ च्या त्रिकोणी तिकिटांत तांबडे एक पेनी असे निळे झाले आणि निळे चार पेन्स तांबडे. स्वीडनचे १८५५ चे तीन स्किलिंगचे (स्किलिंग हे तिथले जुने नाणे) तिकीट हिरवट हवे होते, ते आठ स्किलिंगच्या पिवळ्या रंगात आले. त्याची एकच प्रत ठाऊक आहे. एका शाळकरी मुलाला ती आजीच्या घरच्या जुन्या पत्रांत सापडली आणि १९९६ मध्ये झुरिकच्या लिलावात सुमारे २८ लाख ७५ हजार स्विस फ्रँकांना गेली. बहुरंगी छपाईत प्रत्येक रंगाचा फेरा वेगळा. एखादा चुकला, किंवा दोन कागद चिकटून गेले, की रंग गळतो.

ही गोष्ट ऐकून कोकणातही माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात. चाकरमान्यांनी मुंबईहून धाडलेली पाकिटे तिथे असतातच, आणि एखादे तिकीट विचित्र रंगाचे निघतेही. बहुतेक वेळा ती करामत छापखान्याची नसून उन्हाची किंवा दमट हवेची असते. पडवीत काचेमागे लावलेल्या तिकिटातला पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. म्हणून हिरवे पान निळे दिसू लागते. शिसे असलेला जुना नारिंगी रंग गंधकाच्या वायूने काळवंडतो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने पुष्कळदा परत येतो. खरा रंगदोष असा परतत नाही.

पारख भिंगाखाली करावी. गळालेल्या रंगाचा एक ठिपका जरी दिसला तरी दावा संपला. जोडीतले एक तिकीट पूर्ण रंगाचे आणि दुसऱ्यात तो रंग अजिबात नसेल तर पुरावा भक्कम. अशी जोडी फाडणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. पाकिटावरून तिकीट सोडवण्याची घाईही नको. देवगड किंवा दापोलीचा तारखेसकट शिक्का अख्ख्या पाकिटावरच वाचता येतो, आणि रंगदोष खोटा ठरला तरी तेवढ्यासाठी ते पाकीट जपण्याजोगे असते.