मॉरिशसची कारी

कारी म्हणजे मॉरिशसमध्ये भातासोबत, फराट्यासोबत (म्हणजे आपला पराठा) नाहीतर सरळ पावासोबत खाल्लं जाणारं मसालेदार कालवण. चिकन, मासळी, ऑक्टोपस, हरीण, अंडी, फणस, भोपळा, डबल बी, कशाचीही होते. उष्ण प्रदेशातल्या बेटावरची करी म्हटलं की लोकांना वाटतं नारळाचं दूध ओतलेलं पिवळंधमक काहीतरी असणार, पण मॉरिशसच्या रोजच्या कारीत नारळाचं दूध फारसं नसतंच. तिथला रस्सा कांदा, लसूण, आलं, टोमॅटो आणि भाजलेला मसाला यांच्यावर उभा असतो, आणि बेट कितीही सुंदर असलं तरी ही कारी आली ती उसाच्या मळ्यातून, बीचवरून नाही.

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. आधी डच आले, त्यांनी 17व्या शतकात ऊस आणि जावा बेटावरची हरणं आणली, मग 1715 पासून फ्रेंच, 1810 पासून इंग्रज. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून मळे चालवले. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली, पण ती बंद होणार हे दिसत असल्याने मळेवाल्यांनी त्याच्या थोडं आधीच मजुरांसाठी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. करारावरच्या मजुरांची पहिली तुकडी 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अॅटलस’ जहाजातून पोर्ट लुईला (आजची राजधानी) उतरली. पुढे मजूर जिथे उतरवले जायचे ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते आणि 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुढे 1920 पर्यंत जवळपास साडेचार लाख माणसं आली, बरेचसे भोजपुरी पट्ट्यातले, बाकी तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोक. करार 5 वर्षांचा, पगार महिना 5 रुपये, वर रेशन म्हणून तांदूळ, डाळ, मीठ वगैरे. एवढ्या शिध्यात चव आणायची तर मसाला लागणारच, आणि परसात लावलेली मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, शेवगा हे सगळं बहुतेक असंच रुजलं असणार. कढीपत्त्याला तिथे आजही कारीपिले म्हणतात आणि कोथिंबिरीला कोतोमिली, दोन्ही तमिळमधून आलेले शब्द, आणि ते बिहारी, मराठी, चिनी सगळेच वापरतात.

मसाला वाटायला रोस कारी, म्हणजे आपला पाटा. बेट ज्वालामुखीचं, त्यामुळे काळ्या बसाल्टची काय कमी, त्यातूनच हा पाटा घडवतात. वरवंट्याला क्रियोलमध्ये (म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत) बाबा म्हणतात. आता मिक्सर आणि बाजारातली तयार पावडर आली, तरी खोबऱ्याची किंवा कोथिंबीर-मिरचीची चटणी (तिकडे सातिनी) पाट्यावरचीच बरी असा आग्रह धरणारे अजूनही आहेत, आणि त्यात ते चुकीचे नाहीत.

कारी करायची पद्धत बघितली की फरक लगेच कळतो. मसाल्याची पावडर तेलात कोरडी टाकत नाहीत, आधी थोड्या पाण्यात कालवून दाटसर करून घेतात. तेलात कांदा, आलं-लसूण, कारीपिले आणि थाइम या सुगंधी पाल्याच्या काड्या परततात, मग हा कालवलेला मसाला घालून तेल सुटेपर्यंत परततात, मग चिकन, टोमॅटो, बटाटा, पाणी, आणि उतरवताना वरून भरपूर कोतोमिली. थाइम फ्रेंचांकडून आलेलं, आपल्या स्वयंपाकात ते कोणी घालणार नाही, पण कढीपत्ता आणि थाइम एकाच कढईत पडले की जो वास येतो तोच मॉरिशसचा. चिकनमध्ये कोळंबी टाकून केलेली कारीही तिथे आवडीने खातात, ऐकायला विचित्र वाटतं पण कोळंबीच्या डोक्यांचा रस उतरला की मजा येते. हरणाची कारी शिकारीच्या सीझनमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत.

ऑक्टोपसला झुरीत म्हणतात. ओहोटीच्या वेळी लगूनच्या उथळ पाण्यातून चालत, टोकदार सळईने खडकांच्या फटीतून तो काढायचा, मॉरिशसच्याच रॉड्रिग्स बेटावर हे काम बऱ्याच बायका करतात. अंदाधुंद पकडून साठा कमी व्हायला लागला म्हणून रॉड्रिग्सने 2012 पासून ठरावीक काळ ऑक्टोपस पकडणं बंद ठेवायला सुरुवात केली. कारीत तो शिजवताना कच्ची पपई घालतात, पपईने मांस मऊ पडतं हे आपल्याकडच्या मटणवाल्या घरांनाही माहीत आहेच.

विंदाय हा प्रकार कारीच्या शेजारचा. तळलेले मासे किंवा उकडलेला ऑक्टोपस हळद, मोहरी, लसूण, हिरव्या मिरच्या आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, टिकतो छान, पावात भरून खातात. गोव्याचं विंदालू आणि हा विंदाय दोघांचंही मूळ पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणीच्या पदार्थात आहे, पण गोव्यात तो लाल रस्सा झाला आणि मॉरिशसला मोहरीचं पिवळं लोणचं.

रस्त्यावर कारी मिळते ती दाल पुरीतून. पुरी नाव असलं तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. शिजवून बारीक केलेली हरभऱ्याची डाळ, हळद, जिरं असं पुरण मैद्याच्या पारीत भरून पातळ लाटलेली, म्हणजे गूळ काढून घेतलेली पुरणपोळीच म्हणा. विकतात जोडीने, आत ग्रो प्वा (मोठी डबल बी) ची कारी, रुगाय (टोमॅटोचा मसालेदार रस्सा) आणि मिरची, कागदात गुंडाळून हातात. उभ्या उभ्या खायची, आणि रस्सा कोपरापर्यंत ओघळला नाही तर समजा कंजूष दुकान.

लग्नात आणि सणाला सेत कारी, म्हणजे सात भाज्या केळीच्या पानावर: कच्ची केळी, फणस, भोपळा, पालेभाजी, वाल, शिवाय रासों (रस्सम) आणि लोणचं. प्रथा मुळात तमिळांची, पण आता बाकीच्या हिंदू घरांतही रुळली आहे. सात भाज्या नेमक्या कुठल्या यावर घराघरात वाद आहेत, त्यामुळे यादी पक्की धरू नका. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, मराठी घरांत मोदक होतात आणि सणाच्या जेवणात कारी शाकाहारीच.

शेजारच्या बेटांवर गणित बदलतं. रियुनियनमध्ये कारी म्हणजे हळद, टोमॅटो, कांदा, लसूण, थाइम, बस, गरम मसाला नाहीच, मसाला घातलेल्या बकऱ्याच्या मटणाला ते वेगळं नाव देतात, मासाले. सेशेल्समध्ये मात्र नारळाचं दूध खरंच भरपूर वापरतात आणि तमालपत्रासारखी दालचिनीची पानं टाकतात, कारण माहे या तिथल्या मुख्य बेटावर दालचिनी रानोमाळ उगवते. तिकडे फळं खाणाऱ्या वटवाघळाचीही कारी करतात, फक्त त्यात बारीक हाडं फार असतात, जपून खावी लागते.