बाळाची भाजीची प्युरी : मिक्सरच्या आधी आणि नंतर

भाजीची प्युरी म्हटलं की चर्चा सुरू होते मिक्सरची. खरं तर गाजर मऊ होतं ते शिजताना. मिक्सर फक्त उरलेलं काम उरकतो.

गाजराच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, विटांच्या मधे चुना असावा तशा. पाणी उकळायला आलं की पेक्टिनच्या लांबलचक साखळ्या तुटून विरघळू लागतात आणि पेशी सुट्या होतात. आंबटपणा असला की हे तुटणं मंदावतं. म्हणून टोमॅटोच्या रसात टाकलेलं गाजर कितीही उकळलं तरी कणखर राहतं. टोमॅटो घालायचाच असेल तर शेवटी घालावा. तुकडा दोन बोटांत दाबला आणि कण न लागता पसरला, की तो शिजला.

बटाट्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पेशींत स्टार्चचे कण असतात. ते साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला पाणी पिऊन टम्म फुगतात. पेशी शाबूत आहेत तोवर हा ऐवज आतच राहतो. मिक्सरचं पातं पेशी फाडतं, स्टार्च बाहेर सांडतो आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. नुकतंच गिळायला शिकणाऱ्या बाळासाठी तो अगदीच गैरसोयीचा. बटाटा चाळणीतून दाबून काढावा किंवा काट्याने कुस्करावा.

कच्च्या गाजरातलं बीटा-कॅरोटिन, म्हणजे त्याचं नारिंगी रंगद्रव्य, पेशींत अडकलेलं असतं. शिजवून वाटल्यावर ते शरीराला जास्त मिळतं, आणि ते स्निग्धात विरघळणारं असल्यामुळे थोडंसं तेल किंवा लोणी सोबत असलेलं बरं. रोज गाजर-भोपळा खाणाऱ्या बाळाचं नाक आणि तळवे पिवळसर दिसू लागतात. त्याला घाबरायचं कारण नाही. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पिवळा दिसला, तर ती कावीळ असू शकते. तेव्हा डॉक्टरांकडेच जायला हवं.

क जीवनसत्त्व उलट स्वभावाचं, पाण्यात निघून जाणारं. त्यामुळे भाजी वाफवणं चांगलं. उकडलीच तर तेच पाणी प्युरी सैल करायला वापरावं. पालक आणि बीट मात्र याला अपवाद. त्यांच्यात नायट्रेट भरपूर असतं, तेही पाण्यात उतरतं, म्हणून त्यांचं पाणी ओतून द्यावं.

नायट्रेटचा बागुलबुवा उगाच उभा राहिलेला नाही. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळी पडलेली तान्ही बाळं पाहिली आणि त्याचा संबंध दूध कालवायला वापरलेल्या विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटशी जोडला. जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हा बदल पूर्ववत करणारं विकर पहिल्या काही महिन्यांत शरीरात कमी असतं. सहा महिन्यांनंतर धोका बराच ओसरतो. तेव्हा भीती बाळगायची ती पालकाची नव्हे, तर शिजवून तासन्‌तास ओट्यावर राहिलेल्या पालकाची. जुलाब होत असतील तर तेवढे दिवस पालक देऊ नये.

ओट्यावर राहणं हे कोणत्याही प्युरीला वाईटच. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि वाटलेली ओलसर भाजी म्हणजे त्यांची मेजवानी. पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर उणे 18 अंशांना महिनाभर सहज टिकते. पण गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थबकतात. म्हणून नंतर ती वाफ येईपर्यंत गरम करायची, ढवळायची आणि मग कोमट होऊ द्यायची. बाळाच्या तोंडातला चमचा पुन्हा डब्यात बुडवू नये. लाळेबरोबर जिवाणू आत जातातच, शिवाय लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि दाट प्युरी पाणचट होते.

पाणचट प्युरी मला मुळातच फसवी वाटते. भाजीत बहुतेक पाणीच असतं. त्यात आणखी पाणी घातलं की इवलंसं पोट भरतं, पण ऊर्जा मिळत नाही. चमचा तिरपा केला तरी प्युरी लगेच ओघळू नये, इतकी ती दाट हवी. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायला सांगते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सुमारे तेव्हाच आटत आलेला असतो आणि तो एकट्या भाजीने भरून निघत नाही. डाळी, अंडं, मांस यांतलं काहीतरी लवकरच सोबत यायला हवं. मीठ-साखर नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो.

गुळगुळीतपणाचाही अतिरेक करू नये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांवर झालेल्या अभ्यासात, दहा महिन्यांनंतरच गुठळ्यांचं अन्न मिळालेल्या मुलांच्या खाण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. आठव्या महिन्याच्या आसपास काट्याने कुस्करलेली भाजी पुरते.

आणि पहिल्याच घासाला वाकडं झालेलं तोंड बघून भाजी बाद करू नये. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांना नावडती भाजी एक दिवसाआड दिली गेली. आठव्या खेपेपर्यंत बहुतेक बाळं ती जवळपास आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली होती. मान फिरवली तर त्या दिवशी आग्रह नको. दोन दिवसांनी तीच भाजी पुन्हा चमचाभर द्यावी.